एका डिकीची पाव शतकाची गोष्ट

या गाडीच्या मागे उभं राहिलं की पहिली नजर डिकीच्या झाकणावर जाते. दोन्ही बाजूंचा पत्रा जिथे संपतो, तिथे झाकण संपत नाही. ते आणखी वर उचललेलं आहे, डब्यावर दुसऱ्याच डब्याचं झाकण बसवावं तसं. मधली फट लपवलेली नाही, उलट दिव्यांच्या वरून ती ठसठशीतपणे फिरवली आहे. २००१ साली बीएमडब्ल्यूने आपली सर्वांत महागडी सेडान, सेव्हन सिरीजची ई६५ ही पिढी, बाजारात आणली तेव्हा सगळा गदारोळ या झाकणाभोवती उठला. कंपनीचे डिझाइनप्रमुख अमेरिकन क्रिस बँगल होते आणि बाह्यरूप एड्रियन व्हॅन हॉयडाँक यांनी रेखाटलं होतं. रोष मात्र बँगल यांच्या वाट्याला आला. त्यांना काढून टाका, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर हजारो सह्या झाल्या. गाडीच्या मागच्या भागाला त्यांच्या नावाचं एक असभ्य टोपणनावही चिकटलं.

आज तीच गाडी पाहताना तो राग का आला असावा, हे आठवावं लागतं. पत्रा तोच आहे, वळणं तीच आहेत. मग या मधल्या काळात नेमकं काय बदललं? सौंदर्याची जाण कशी घडते याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर बरंच काम केलं आहे, आणि त्यातलं काही थेट मोटारींवरच झालं आहे.

आधी ते झाकण तसं का झालं, ते पाहू. १९९४ ची आधीची पिढी बुटकी, लांब आणि सडपातळ होती, आणि आजही अनेकांना तीच सर्वांत देखणी वाटते. ई६५ तिच्यापेक्षा पाच-सहा सेंटीमीटर उंच झाली. आत बसणाऱ्याला ताठ, ऐसपैस बसता यावं, चढता-उतरताना वाकावं लागू नये, हा त्यामागचा विचार. पण छप्पर वर गेलं की बाकीची सगळी मापं मोडतात. खिडकीखालची रेषा वर सरकते, बाजूचा पत्रा जाड दिसू लागतो, चाकं लहान भासतात आणि डिकीही उंच करावी लागते. त्यात हवेचंही एक गणित आहे. छपरावरून आलेली हवा मागच्या काचेवरून खाली उतरते. शेपूट बुटकं आणि गोलसर असेल तर ती पत्र्याला धरून खाली वाकते, तिथला दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. शेपूट उंच आणि त्याची कड स्पष्ट असेल तर हवा त्या कडेवरून एका रेषेत सुटते. वेगात गाडी स्थिर राहायला त्याने मदत होते, आणि सामानाला जागा मिळते ती वेगळीच.

म्हणजे उंची तर येणारच होती. बाजूचा पत्राही सोबत वर ओढला असता तर ती झाकता आली असती. या चमूने ती झाकली नाही, वेगळा थर म्हणून उघड मांडली. माझ्या मते या गाडीतला सर्वांत प्रामाणिक निर्णय हाच होता, आणि सर्वांत जास्त मार खाल्ला तोही यानेच.

आपण आयुष्यभर ज्या गाड्या पाहतो त्यांचं एक सरासरी चित्र मेंदू नकळत तयार ठेवतो. या चित्राशी जुळणारी वस्तू ओळखायला सोपी जाते, आणि ओळखण्यातली ही सहजता आपल्याला ‘छान दिसते’ अशी जाणवते. चेहऱ्यांच्या बाबतीत हे जुनंच निरीक्षण आहे: अनेक चेहरे एकमेकांत मिसळून केलेला सरासरी चेहरा बहुतेकांना आकर्षक वाटतो. हॅल्बरस्टाट आणि ऱ्होड्स या संशोधकांनी २००३ मध्ये संगणकाच्या मदतीने पक्षी, मासे आणि मोटारी यांच्या चित्रांवर तोच प्रयोग केला. तिथेही सरासरीकडे झुकवलेली रूपं लोकांना अधिक आवडली. ई६५ ची डिकी २००१ च्या सरासरीपासून फार लांब होती. डोळ्याला ती आलिशान सेडान म्हणून वाचायला कष्ट पडले, आणि त्या कष्टालाच लोकांनी कुरूपता म्हटलं.

पुढच्या बाजूला अडचण आणखी अवघड होती. गाडीचं तोंड आपण चेहऱ्यासारखंच वाचतो. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००८ साली लोकांना गाड्यांची पुढची बाजू दाखवून त्यांच्यात कोणते स्वभावगुण दिसतात ते विचारलं. वय, दरारा, आक्रमकता अशा बाबतींत लोकांची उत्तरं बरीच जुळली. पसरट अंगाच्या आणि अरुंद डोळ्यांच्या, म्हणजे हेडलाइटच्या, गाड्या त्यांना पोक्त व दरारा असलेल्या वाटल्या. ई६५ मध्ये इंडिकेटर हेडलाइटच्या वर, भुवईसारखे बसवले होते. उंचावलेली भुवई दिसली की त्या चेहऱ्यावर कसला तरी भाव आहे असं आपण मानतोच. धीरगंभीर चेहऱ्याची सवय असलेल्या ग्राहकाला हा चेहरा चमत्कारिक वाटला, यात नवल नाही.

सवयीने आवड बदलते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी लोकांपुढे निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं आणि अनोळखी माणसांचे फोटो ठेवले. काही एकदाच, तर काही पंचवीस वेळांपर्यंत. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त बरं वाटलं. इथे थांबलं तर उत्तर फार सोपं होतं: गाडी रस्त्यावर पुष्कळ दिसली, म्हणून आवडू लागली. पण नुसत्या दिसण्याने सगळंच तरत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात विद्यार्थ्यांना काही आठवडे चित्रं पुन्हा पुन्हा दाखवली गेली. त्यात थॉमस किंकेड या लोकप्रिय अमेरिकन चित्रकाराची गोडगोड चित्रंही होती. जितक्या वेळा ती दिसली, तितकी ती कमी आवडत गेली. वारंवार पाहण्याने वस्तू आतून उलगडते, आणि आत काही नसेल तर तेही उघड होतं.

क्लाउस-ख्रिस्टियन कार्बन आणि हेल्मुट लेडर यांचा २००५ चा प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. त्यांनी लोकांना मोटारींच्या अंतर्भागाची चित्रं दिली. काही ओळखीच्या वळणाची होती, काही अगदी नवी. आधी त्यांनी किती आवडलं ते विचारलं. नंतर त्याच चित्रांबद्दल पुष्कळ वेगवेगळे प्रश्न विचारून लोकांना प्रत्येक चित्राचा नीट विचार करायला लावला आणि शेवटी आवडीचा प्रश्न पुन्हा टाकला. सुरुवातीला मागे पडलेल्या नव्या रचनांचं आकर्षण वाढलं होतं. २०१३ मध्ये लँडवेअर, वेंट्झेल आणि हेरमान यांनी मोटारींच्या रूपांबद्दल याच दिशेचा निष्कर्ष काढला: पहिल्या काही भेटींत सरासरीशी जुळणारी गाडी आवडते, भेटी वाढल्या की वेगळी गाडी पुढे जाते. पहिल्या प्रकारच्या गाडीत शोधायचं काही उरत नाही. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीचं ओझं हलकं होतं आणि कुतूहल शिल्लक राहतं. टीकेचा भडिमार होऊनही ई६५ आधीच्या पिढीपेक्षा जास्त विकली गेली, त्या विक्रीला या निष्कर्षाची जोड देऊन पाहायला हरकत नाही. अर्थात विक्रीमागे इंजिन, बाजार, किंमत अशी इतर कारणंही असतातच.

शिवाय सरासरीही जागची हलत असते. २००५ मध्ये मर्सिडीजची नवी एस-क्लास आली. तिच्याही डिकीचं झाकण बाजूंच्या वर उचललेलं होतं, आणि हे साम्य अनेकांच्या लक्षात आलं. पुढे इतर मोठ्या सेडानही उंच शेपटाच्या झाल्या, आणि जे रूप नियमाबाहेरचं होतं तेच नियम होऊन बसलं. कार्बन यांनी २०१० मध्ये मोटारींच्या गोलाईचा अनेक दशकांचा मागोवा घेतला. १९५० च्या दशकातली गोलाई पुढे कमी होत गेली, १९८० च्या आसपास गाड्या काटकोनी झाल्या आणि नंतर पुन्हा गोल. प्रेक्षकाची पसंती या बदलाबरोबर वाहत राहते. त्यामुळे २००१ ची गाडी आज पाहताना आपण ती २००१ च्या डोळ्यांनी पाहूच शकत नाही.

सगळे भाग एकाच गतीने म्हातारे होत नाहीत, हेही पाहण्यासारखं आहे. डॅशबोर्डवरची डझनभर बटणं काढून एक गोल नॉब आणि एक पडदा आणायचा, ही आयड्राइव्हची कल्पनाही याच गाडीतली, आणि तिच्यावरही तेवढीच टीका झाली. नॉब बरीच वर्षं टिकला, पुढे अनेक कंपन्यांनी तसाच आणला. पडदा मात्र काही वर्षांतच पुरातन दिसू लागला, कारण पडद्यांची प्रगती एकाच दिशेने होते: अधिक स्पष्ट, अधिक वेगवान. पत्र्याच्या वळणाला अशी दिशा नसते, म्हणून ते मागे पडत नाही. हेडलाइटचं मात्र तसं नाही. त्याचं आवरण असतं पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचं. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, वरचा संरक्षक थर झिजतो आणि प्लास्टिक पिवळं, धूसर होतं. एखादी जुनी गाडी थकलेली वाटते तेव्हा दोष आकाराला दिला जातो, पण पुष्कळदा थकलेले असतात ते हे डोळे.

२००५ मध्ये कंपनीने ई६५ मध्ये सुधारणा केल्या. हेडलाइट बदलले, भुवयांचा ठसा कमी केला, डिकीची धारही मऊ केली. त्या वेळी बहुतेकांना हायसं वाटलं, आणि मलाही तेव्हा तीच आवृत्ती बरी वाटली होती. आता दोन्ही फोटो शेजारी ठेवले की नजर सुधारित गाडीवरून चटकन पुढे सरकते. २००१ च्या गाडीपाशी मात्र ती थबकते, झाकणाच्या त्या कडेवरून दिव्यापर्यंत जाते आणि पुन्हा मागे फिरते.