पार्श्वभूमी: रासायनिक अभिक्रियेचा वेग मोजायला माणूस कसा शिकला

गाळप हंगाम सुरू झाला की पुणे जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर एकच घाई असते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, घसरतो. ऊस तोडला तरी त्याच्या आतल्या अभिक्रिया थांबत नाहीत. सुक्रोज पाण्याशी संयोग पावून ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटत राहते, आणि अशी फुटलेली साखर पुन्हा दाणेदार होऊन पोत्यात येत नाही. गरम, आंबट रसातही हेच घडते. रसात चुना घालण्यामागे गाळ खाली बसवण्याबरोबर हेही एक कारण असते. साखर तंत्रज्ञाला नकोशी असलेली ही अभिक्रिया रसायनशास्त्राला मात्र पावली, कारण वेग मोजण्याचे शास्त्र तिच्यापासूनच सुरू झाले.

तोवर रसायनशास्त्रज्ञ दोनच गोष्टी विचारत होते: कशाचा कशाशी संयोग होतो, आणि किती प्रमाणात. किती वेळात, हा प्रश्न कुणी गांभीर्याने घेतला नव्हता. १८५० मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला लुडविग विल्हेल्मी यांनी उसाच्या साखरेच्या द्रावणात आम्ल मिसळले आणि ते पोलारिमीटरमध्ये, म्हणजे ध्रुवित प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणात ठेवले. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवते, तर तिच्या विघटनातून झालेले मिश्रण डावीकडे. कोन घटत शून्यावर येतो आणि पलीकडे जातो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातल्या साखरेचे प्रमाण, काढणाऱ्याला हे उपकरण नवे नाही. विल्हेल्मींना त्याचा मोठा फायदा असा झाला की नळीतला थेंबही बाहेर न काढता, अभिक्रियेला हात न लावता ती कुठवर आली हे वाचता आले. त्यांना दिसले की कोणत्याही क्षणी फुटणारी साखर ही त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असते. त्यांनी ते चक्क विकलन समीकरणात मांडले. दखल कुणीच घेतली नाही. तीसहून अधिक वर्षांनी विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी हे काम उजेडात आणले, तेव्हा १८६४ मध्येच वारलेले विल्हेल्मी ते पाहायला नव्हते.

नॉर्वेत काटो गुल्डबर्ग आणि पेटर वागे यांच्याही वाट्याला काहीसे असेच आले. दोघे आधी साडू होते. वागे यांनी दुसरे लग्न गुल्डबर्ग यांच्या बहिणीशी केले, म्हणजे नंतर मेहुणेही झाले. अभिक्रियेला चालना देणारे बल पदार्थांच्या संहतीवर (द्रावणात ते किती दाट आहेत यावर) अवलंबून असते, हा त्यांचा नियम १८६४ मध्ये नॉर्वेजियन भाषेत छापून आला आणि युरोपातल्या बड्या विद्यापीठांनी तो वाचलाच नाही. लहान भाषेत लिहिणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

ऑक्सफर्डमध्ये व्हर्नन हारकोर्ट हे रसायनशास्त्रज्ञ आणि विल्यम एसन हे गणिती एकत्र आले. हायड्रोजन पेरॉक्साइड आयोडाइडमधून आयोडीन मोकळे करते. मिश्रणात थोडे थायोसल्फेट आणि स्टार्च घालून ठेवले, तर थायोसल्फेट सुटलेले आयोडीन गिळत राहते, म्हणून ते संपेपर्यंत काहीच दिसत नाही; संपले की आयोडीन स्टार्चला भेटते आणि सारे द्रावण एकदम निळे होते. पुन्हा थोडे थायोसल्फेट घालत राहिले आणि त्या निळ्या झटक्यांमधला वेळ मोजला की वेग कळतो. बारावीच्या प्रात्यक्षिकात कागदावरच्या फुलीवर चंचुपात्र ठेवून थायोसल्फेटमध्ये आम्ल ओततात आणि फुली दिसेनाशी होईपर्यंत स्टॉपवॉच धरतात, तो प्रयोग याच जातकुळीचा. बी.एस्सी.ला मिथाइल अ‍ॅसिटेटच्या जलविघटनात दर काही मिनिटांनी नमुना काढून बर्फाच्या पाण्यात टाकतात आणि मग टायट्रेशन करतात. तिथे अभिक्रिया गारठवून जवळपास थांबवली जाते. न थांबवता बघणे किंवा थांबवून मोजणे, याशिवाय तिसरा मार्ग तेव्हा नव्हता. या विषयात समीकरणांचा फार बोलबाला होतो, पण माझ्या मते खरी प्रगती बघण्याच्या युक्त्यांनी केली आणि समीकरणे बहुतेक वेळा मागून आली.

तापमानाचा प्रश्नही तसाच. वेग संहतीनुसार बदलतो हे पटण्यासारखे होते, पण दहा अंशांनी तापमान वाढले की वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त का व्हावा? रेणूंची सरासरी गती तर तेवढ्याने जेमतेम दोन टक्के वाढते. याकोबुस व्हान्ट हॉफ यांनी १८८४ च्या ग्रंथात याला गणिती चौकट दिली (रसायनशास्त्राचे पहिले नोबेल, १९०१ चे, त्यांचेच). १८८९ मध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी एका समीकरणातून उत्तर दिले, आणि उदाहरण पुन्हा साखरेच्या विघटनाचेच घेतले. सगळे रेणू अभिक्रिया करत नाहीत, एका ठरावीक ऊर्जेच्या वर गेलेले थोडेच करतात. तापमान वाढले की या थोड्यांची संख्या झपाट्याने वाढते. आम्लातल्या सुक्रोजसाठी ही सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे १०८ किलोज्यूल आहे. हिशेब केला तर २५ वरून ३५ अंश सेल्सिअसला जाताना वेग चौपट होतो. पुण्यात डिसेंबरातली पहाट आणि एप्रिलातली दुपार यांच्यातला फरक याहून मोठा असतो.

ती ऊर्जा नेमकी कशासाठी लागते हे १९३० च्या दशकात हेन्री आयरिंग आणि मायकेल पोलान्यी यांनी दाखवले. रेणूंच्या ऊर्जेचा नकाशा डोंगराळ मुलखासारखा काढला, तर एका दरीतून दुसरीत जायला सर्वांत कमी उंचीची खिंड शोधावी लागते. घाटवाटा तुडवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. उत्प्रेरक डोंगर खाली आणत नाही, दुसरी खिंड दाखवतो.

विकरांचे (एन्झाइमांचे) गणितही साखरेवरच बसले. १९१३ मध्ये बर्लिनला लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी इन्व्हर्टेज हे विकर घेऊन, पुन्हा पोलारिमीटरच वापरून आपले सुप्रसिद्ध समीकरण मिळवले. तोडलेल्या उसात साखर फोडते ते हेच विकर.

तरी ‘क्षणार्धात’ होणाऱ्या अभिक्रिया उरल्याच होत्या. १९२३ मध्ये केंब्रिजच्या हार्टरिज आणि रफटन यांनी दोन द्रव जोराने एकत्र मिसळून नळीतून वाहू दिले. प्रवाह सेकंदाला १० मीटर असेल, तर नळीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक मिलिसेकंद. घड्याळाचे काम पट्टीने केले! रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन किती वेगाने धरते-सोडते हे त्यामुळे कळले. पण मिसळायलाच जेवढा वेळ लागतो, त्याहून वेगवान अभिक्रियेचे काय? मान्फ्रेड आयगेन यांनी मिसळणेच टाळले. समतोलात असलेल्या द्रावणाला तापमानाचा किंवा विद्युतक्षेत्राचा अचानक धक्का द्यायचा आणि ते पुन्हा कसे स्थिरावते ते बघायचे. आम्ल-अल्कलीचे उदासिनीकरण पाठ्यपुस्तकांत ‘मोजता न येण्याइतके जलद’ मानले जाई. त्याचा वेगस्थिरांक १.४ × १०^११ (१० चा ११ वा घात) लिटर प्रति मोल प्रति सेकंद निघाला. रोनाल्ड नॉरिश आणि जॉर्ज पोर्टर यांनी हेच प्रकाशाच्या झोताने साधले. तिघांना १९६७ चे नोबेल मिळाले. अहमद झेवेल यांनी १९८० च्या दशकात लेसरच्या झोतांनी बंध तुटताना पाहिला तो फेमटोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या १०^१५ व्या (एकावर पंधरा शून्ये) भागात.

पुण्याचे काम वेगळ्या टोकाला झाले. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. तिचे दुसरे संचालक जॉर्ज फिंच वायूंच्या ज्वलनाचे अभ्यासक होते, आणि १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनची नळकांडी घेऊन सुमारे ८,३०० मीटरपर्यंत चढलेले गिर्यारोहकही. पुढे संचालक झालेले एल. के. दोराईस्वामी यांनी इथे अभिक्रिया अभियांत्रिकी रुजवली, आणि १९८४ मध्ये मुंबईच्या एम. एम. शर्मा यांच्यासह विषमांगी (वायू, द्रव, घन अशा वेगवेगळ्या अवस्थांतल्या पदार्थांच्या) अभिक्रियांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यांच्यापुढचा प्रश्न कारखान्याचा होता. वायू, द्रव आणि घन उत्प्रेरक एकाच भांड्यात असले की मोजलेला वेग बऱ्याचदा रसायनाचा नसतोच. वायू द्रवात विरघळायला किंवा रेणू उत्प्रेरकाच्या छिद्रांत शिरायला लागणारा वेळच आपण मोजत असतो. म्हणून मोजणारा आधी ढवळण्याचा वेग वाढवून बघतो, मग उत्प्रेरक आणखी बारीक करून बघतो. दोन्ही वेळा आकडा हलला नाही, तरच तो अऱ्हेनियसच्या समीकरणात घालतो.