गळमासेमारीची साधने (लहान होडीवरील)

किनाऱ्याजवळच्या समुद्रात लहान होडीतून गळाने मासे धरण्यासाठी लागणारी काठी (रॉड), रीळ, दोर, गळ, वजन व आमिष यांचा संच आणि तो निवडण्याची रीत. जाळी, रापण आणि मोठ्या नौकांवरून सोडले जाणारे अनेक गळांचे लांब दोर यांचा विचार येथे केलेला नाही. कोल्हापूरला समुद्र नाही. मात्र आंबा, करूळ, फोंडा आणि आंबोली या घाटांनी तीन-चार तासांत रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण किंवा वेंगुर्ला गाठता येत असल्याने येथील हौशी गळकऱ्यांचा समुद्राशी संबंध जुना आहे. त्यांचा हात तयार होतो तो पंचगंगा-भोगावतीच्या काठी, वेळूच्या लांब काठीवर. समुद्रासाठी सामान घेताना होणाऱ्या बहुतेक चुका या नदीकाठच्या सवयीतून येतात.

शब्द : देशावर ‘गळ’, तर दक्षिण कोकणात ‘गरी’ हा शब्द रूढ आहे. त्यावरून गळाने मासे धरणे या अर्थी ‘गरवणे’ हे क्रियापद वापरतात. संस्कृतात गळाला ‘बडिश’ म्हणतात. अमरकोशात ‘बडिशं मत्स्यवेधनम्’ असा अर्थ दिला आहे. मराठीत मात्र बडिशाचा वंशज उरलेला दिसत नाही. ‘गळ’च्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. एका मतानुसार तो संस्कृत ‘गल’ म्हणजे गळा, घसा यावरून आला. माशाच्या घशात अडकणारा तो गळ, अशी त्यामागची कल्पना आहे. दुसरे मत कन्नड ‘गाळ’ व तेलुगू ‘गालमु’ या, त्याच अर्थाच्या, शब्दांकडे बोट दाखवते. कोल्हापूर कन्नड मुलखाला लागूनच असल्याने हे मत येथे सहज पटण्याजोगे वाटते. तथापि प्राकृतात ‘गल’ हा शब्द गळ याच अर्थी आढळतो. जैन आगमांतील उत्तराध्ययन सूत्रात गलाने व जाळ्याने धरलेल्या माशाची उपमा आली आहे. शिवाय ‘गाळ’मधील दीर्घ स्वर मराठीत ऱ्हस्व का व्हावा, याचे समाधानकारक कारण देता येत नाही. म्हणून मराठी शब्द प्राकृतातून आला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. द्राविड रूपांशी त्याचे नाते उसनवारीचे की योगायोगाचे, हा वेगळा प्रश्न आहे. ‘गळ घालणे’ व ‘गळाला लागणे’ हे वाक्प्रचार सर्वपरिचित आहेत.

इतिहास : गळमासेमारीचे पद्धतशीर वर्णन दख्खनच्या परंपरेतच मिळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (अभिलषितार्थचिंतामणी) या ग्रंथाच्या विनोदविंशतीत (वीस करमणुकींच्या भागात) ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. त्यात माशांचे समुद्रातील व नदीतील असे भेद, त्यांना घालायचे खाद्य, गळ, दोरी व काठी यांचा विचार केला आहे. ग्रंथाचा काळ कोणी इ. स. ११२७, तर कोणी ११३१ मानतात. ग्रंथातील ज्योतिषगणितासाठी शके १०५१ हे वर्ष आधाराला घेतले असल्याने ११२९ किंवा त्यानंतरचा थोडा काळ ग्राह्य धरणे बरे. त्या काळी कोल्हापूरचे शिलाहार चालुक्यांचे मांडलिक होते. गळ टाकणे ही राजाच्या करमणुकीतील विद्या म्हणून या प्रदेशात आठ-नऊशे वर्षांपूर्वी लिहिली गेली, ही बाब महत्त्वाची असून तिच्याकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही.

मानसोल्लासातील साधनांत रीळ नाही. रिळाचा सर्वांत जुना निःसंदिग्ध चित्रपुरावा चीनमधील आहे. चित्रकार मा युआन याच्या सुमारे ११९५ सालच्या चित्रात होडीत एकटाच बसलेला गळकरी रीळ लावलेली काठी धरून आहे. काही अभ्यासक चिनी लिखित उल्लेखांच्या आधारे रिळाचा काळ इ. स. तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत मागे नेतात. परंतु त्या उल्लेखांतील शब्द रिळाचाच की नुसत्या दोर गुंडाळण्याच्या चौकटीचा, याविषयी शंका घेता येते. इंग्लंडमध्ये रिळाचा उल्लेख १६५१ मध्ये येतो. चिनी रिळाशी त्याचा धागा जोडणारा पुरावा नाही. दोन्हीकडे ते स्वतंत्रपणे घडले असावे. दांतेचक्रांचे, हाताच्या एका फेऱ्यात अनेक फेरे घेणारे रीळ इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातच विकले जात होते; एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेतील केंटकीत ते सुधारले गेले.

१९०५ मध्ये इंग्लंडमधील आल्फ्रेड इलिंगवर्थ याने स्थिर रिळाचे पेटंट घेतले. यात दोर सुटताना रीळ फिरत नाही. दोर त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी निघतो. कापडगिरणीतील बॉबिनवरून ही कल्पना सुचली, असे सांगतात. इचलकरंजीत धोट्यातील कांडीवरून सूत सुटताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दोर : निवडीची सुरुवात काठीपासून करण्याचा प्रघात आहे, तो उलटा आहे. आधी दोर ठरवावा, त्याला साजेसे रीळ घ्यावे आणि या दोघांना पेलेल अशी काठी शेवटी निवडावी. नायलॉनचा शोध १९३५ मध्ये लागला. त्याचा एकपदरी दोर, म्हणजे आपल्याकडचा तंगूस, दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू सर्वत्र पोचला. तंगूस ताणला जातो, त्यामुळे माशाचा पहिला हिसका तो सोसतो. पण वीस मीटर खाली माशाने आमिषाला तोंड लावले तर या ताणामुळे ते हाताला उशिरा कळते. पॉलिथिलीनचा विणलेला दोर (ब्रेड) १९९०च्या दशकात प्रचारात आला. तो जवळजवळ ताणला जात नाही आणि तितक्याच ताकदीला खूप बारीक असतो. बारीक असल्याने प्रवाह त्याला कमी ओढतो, म्हणून कमी वजनातही आमिष तळाला टेकते. खडपावर (समुद्रातील खडकावर) घासल्यास मात्र तो तत्काळ तुटतो. म्हणून त्याच्या टोकाला दोन-तीन मीटर जाड तंगूस किंवा फ्लुरोकार्बनचा (घासणे अधिक सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा) दोर जोडतात. सुरमईच्या दातांपुढे तेही टिकत नाही. तेथे गळाच्या वर वीतभर पोलादी तार हवी.

किनाऱ्यालगतच्या होडीतून गरवण्यासाठी साधारण १० किलो ताकदीचा दोर पुष्कळ होतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढीनंतर दोर सुटू देणारी घर्षणयंत्रणा, दोराच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांशावर लावावी; १० किलोच्या दोराला अडीच ते सव्वातीन किलो. हे अंदाजाने न करता स्प्रिंगकाट्याने मोजावे. दोर सुटत जातो तसा रिळावरील गुंडाळीचा व्यास घटतो आणि तोच ड्रॅग जड होतो. व्यास निम्मा झाला की लागणारी ओढ दुप्पट होते. मोठा मासा लांब पळाल्यावर दोर तुटतो त्यामागे अनेकदा हेच कारण असते, आणि नेमक्या त्याच क्षणी ड्रॅग आवळण्याचा मोह होतो.

रीळ : स्थिर (स्पिनिंग) रीळ शिकायला सोपे, हलके आमिष फेकायला उत्तम. ड्रॅगवरून दोर सुटत असताना मूठ फिरवत राहिल्यास दोराला पीळ पडतो. ५:१ गुणोत्तराच्या रिळात मुठीच्या एका फेऱ्याला पाच पीळ. काठीच्या वर बसणारे मल्टिप्लायर, म्हणजे वर सांगितलेले दांतेचक्रांचे, रीळ होडीतून सरळ खाली वजन सोडण्यास अधिक योग्य. ते ओढीला दणकट असते आणि दोर अंगठ्याखाली राहतो. वजन तळाला टेकताच अंगठ्याने रीळ थांबवले नाही तर दोराचा गुंता होतो.

काठी : किनाऱ्यावरून दूर फेकण्यासाठी १० ते १३ फुटी काठी लागते, होडीवर ६ ते ७ फूट पुरे. नदीवरची लांब काठी होडीत अडचणीची ठरतेच, शिवाय ती माशाच्या बाजूने काम करते. काठी ही तरफ आहे. बुंधा पोटाशी टेकवला, पुढचा हात त्यापासून ६० सेंमीवर व टोक १८० सेंमीवर असले, तर माशाच्या ३ किलो ओढीला हाताने ९ किलो द्यावे लागतात. काठी वाकल्याने हा भार थोडा कमी होतो. कार्बनची काठी हलकी व संवेदनशील असली तरी होडीच्या काठावर आपटून तडकते. विजेची वाहक असल्याने ढगाळ हवेत ती धोक्याची. लहान होडीसाठी काचतंतूची किंवा मिश्र काठी बरी, ती चार फटके सोसते. विणलेला दोर वापरायचा असल्यास दोर ओवायच्या कड्यांना सिरॅमिकचे अस्तर आहे का, ते पाहावे.

गळ व वजन : गळांच्या क्रमांकाची रीत गोंधळात टाकणारी आहे. १, २, ४ अशा साध्या क्रमांकांत आकडा वाढेल तसा गळ लहान होतो. १/०, २/० अशा क्रमांकांत मात्र आकडा वाढेल तसा तो मोठा होत जातो. तांबोशी, चोणक, गोबरा यांसाठी २/० ते ५/० चे गळ चालतात. बांगड्याला एकाच दोरावर रंगीत पिसांचे पाच-सहा लहान गळ लावतात. टोक आत वळलेला गोल गळ बहुधा माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात रुततो, त्यामुळे सोडायचा मासा जगण्याची शक्यता वाढते. मात्र त्याला झटका द्यायचा नसतो, फक्त दोर आवळायचा. शिसे तळाला टेकेल इतके जड घ्यावे, त्याहून नाही. कोळंबी, माकूल, तारली ही नेहमीची आमिषे. शेंगाळ्याचे काटे विषारी असल्याने लांब तोंडाची पक्कड जवळ ठेवावी.

उलांडीच्या (तोल सांभाळण्यासाठी बाजूला लाकूड जोडलेल्या) होडीतून गरवणारे पुष्कळ जण आजही काठी व रीळ वापरत नाहीत. चौकटीला गुंडाळलेला तंगूस बोटांवर धरून ते मासा ओळखतात. ज्याला अजून सामान घ्यायचे आहे, त्याने पहिले काही दिवस असे हातानेच गरवावे. किती शिसे लागते, मासा दोर कसा ओढतो, हे दुकानात कळत नाही.

निर्बंध : महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. तेथे जाण्यापूर्वी गाभाक्षेत्राची हद्द स्थानिक मच्छिमारांकडून समजून घ्यावी.

निगा : घाट चढण्यापूर्वी रीळ व कडी गोड्या पाण्याने धुवावीत. पाणी जोराने मारू नये. त्याने मीठ आत ढकलले जाते. ड्रॅग सैल करून ठेवावा, म्हणजे आतील चकत्या चिकटत नाहीत.