आयुकाच्या मधोमध कुंड का आहे?

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ही मुळात मुंबईच्या गव्हर्नरांसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेली इटालियन वळणाची हवेली. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ती आयतीच मिळाली. त्याच गणेशखिंडीच्या आवारात चाळीसेक वर्षांनी आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी यांचं आंतरविद्यापीठीय केंद्र, उभी राहिली, ती मात्र कुणाकडून आयती मिळण्यातली नव्हती.

गरज विद्यापीठांची होती. खगोलशास्त्र शिकवायचं तर चांगलं ग्रंथालय, संगणक आणि बरोबरीनं डोकं लावणारी माणसं लागतात. एकेकट्या विद्यापीठाला हे पेलत नव्हतं. प्रा. यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना सर्वांना मिळून वापरता येईल अशा केंद्राची कल्पना पुढे आली आणि ती जबाबदारी जयंत नारळीकरांकडे गेली. १९८८मध्ये संस्था स्थापन झाली. नरेश दधिच आणि अजित केंभावी सुरुवातीपासून सोबत होते.

नारळीकरांच्या गाठीशी दोन इमारतींचा अनुभव होता. एक केंब्रिजची. फ्रेड हॉईल यांनी १९६०च्या दशकात काढलेल्या सैद्धांतिक खगोलशास्त्राच्या संस्थेची ती बैठी, एकमजली इमारत. दुसरी कुलाब्याच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून उभी असलेली, १९६२ साली उद्घाटन झालेली टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिथे ते १९७२पासून होते.

आरेखन वास्तुकार चार्ल्स कोरिया यांच्याकडे आलं. रसायनशास्त्राच्या इमारतीत नळ, धुराडी आणि वायूंच्या नळ्यांनीच निम्मा आराखडा ठरून जातो. इथे मुख्य अवजार फळा आणि खडू. मग वास्तुकारानं बांधायचं काय? कोरियांचं उत्तर होतं चौक. गावोगावच्या विद्यापीठांतून चार दिवसांसाठी आलेला प्राध्यापक खोलीतून बाहेर पडला की त्याला कुणीतरी भेटलं पाहिजे. भोपाळच्या भारत भवनातही त्यांनी उघड्या अंगणांवरच भिस्त ठेवली होती.

मधल्या चौकात पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारं कुंड आहे, देवळापुढं असतं तसं, फक्त पाण्याऐवजी हिरवळीचं. फरशा केंद्रातून भिरकावल्यासारख्या बाहेर पसरतात. प्रसरण पावणारं विश्व सुचवायचं आहे. (विश्व महास्फोटातून जन्मलं या सिद्धांताला आयुष्यभर विरोध केलेल्या संचालकाच्या, म्हणजे नारळीकरांच्या, दारात हे चित्र असावं, याची मला गंमत वाटते, अर्थात प्रसरण त्यांनाही मान्यच होतं.) कडेला आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे. इतर ठिकाणी पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फुकोचा लंबक, त्रिकोणात त्रिकोण असलेला सिएरपिन्स्कीचा त्रिकोण आणि जोडताऱ्यांच्या गुरुत्वक्षेत्राचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आकार. काही समीक्षकांना ही प्रतीकांची गर्दी वाटू शकेल. माझं मन जिंकतात त्या भिंती. खाली दख्खनचा काळा दगड, त्यावर आणखी काळा कडप्पा आणि सर्वांत वर झिलई केलेला काळाकुट्ट ग्रॅनाइट. त्यात ढग दिसतात आणि भिंत कुठे संपली ते क्षणभर कळत नाही.

२८ डिसेंबर १९९२ रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या व्याख्यानानं वास्तूचं लोकार्पण झालं. विषय होता, फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या चित्रमालिका आणि सामान्य सापेक्षता.