कॉटनवुडच्या सावलीत मोजमाप

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्की शहरात वर्षाला जेमतेम २२-२३ सेंटिमीटर पाऊस पडतो. तरीही शहराच्या मधोमध दाट झाडीचा पट्टा आहे, तो रिओ ग्रांदे नदीच्या जिवावर. या काठच्या जंगलाला तिथे ‘बोस्के’ म्हणतात. १९९६ पासून शाळकरी मुलं दर महिन्याला इथे येतात आणि मोजमापं घेतात. बोस्के स्कूल आणि न्यू मेक्सिको विद्यापीठ यांनी मिळून हा उपक्रम सुरू केला.

साधनं अगदी साधी. जमिनीत पुरलेल्या अरुंद नळीत टेप सोडायची. पाण्याला टेकली की ती ‘बीप’ करते, तेवढ्या खोलीवर भूजल. झाडांखाली ठेवलेल्या टबांत पडलेली पानं गोळा करून वाळवायची, वजन करायची. जमिनीत पुरलेल्या पेल्यांत पडलेले किडे मोजायचे.

एवढ्याने काय कळतं? बरंच. इथलं मुख्य झाड कॉटनवुड. त्याचं बी सावरीसारखं कापसासोबत उडतं, पण ते जेमतेम काही आठवडे जिवंत राहतं. त्याला उघडी, ओली वाळू लागते, आणि ती मिळायची डोंगरातलं बर्फ वितळून येणाऱ्या पुरामुळे. पूर ओसरताना पाणी हळूहळू खाली जावं लागतं. रोपाचं मूळ दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटरच पाठलाग करू शकतं; पाणी त्याहून झपाट्याने उतरलं की रोप सुकलंच.

शहराच्या वरच्या अंगाला नदीवर कोचिती धरण झालं, १९७० च्या दशकात. पूर आटोक्यात आले, शहर सुरक्षित झालं, आणि कॉटनवुडची पुढची पिढी उगवायची थांबली. आज दिसतात ती बहुतेक म्हातारी झाडं. त्यांच्यामध्ये बाहेरून आणलेल्या झाऊ आणि रशियन ऑलिव्ह या झाडांनी जागा बळकावली आहे. पुराचं पाणी फिरत नसल्याने पालापाचोळा कुजत नाही, साठत जातो, आणि वणव्याला सरपण मिळतं. टबातल्या पानांचं वजन म्हणूनच कामाचं.

निसर्गशिक्षण म्हणजे पक्ष्यांची नावं पाठ करणं, असं आपल्याकडेही अनेकांना वाटतं. मला त्यापेक्षा एकाच नळीत महिन्यामागून महिना टेप सोडणं मोलाचं वाटतं. २०२२ च्या उन्हाळ्यात अल्बुकर्कीत नदीचं पात्र सुमारे ४० वर्षांनी पहिल्यांदा कोरडं पडलं. काठाखालचं पाणी एरवी किती खोल असतं हे सांगायला तेव्हा पंचवीस वर्षांच्या नोंदी तयार होत्या. त्यातल्या कितीतरी शाळकरी पोरांनी घेतलेल्या.