घरच्या कोंबड्यांत एखादी कायमची अधू झाली तर
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"भाऊ, हिचा पाय पडला जी, काय देऊ?" असं विचारत कोणी ना कोणी आमच्या दुकानात येतंच. आम्ही पिल्लं, खाद्य आणि कोंबड्यांची औषधं विकतो, म्हणून लोक औषधच मागतात. पण पाय कायमचा गेलेल्या, मान वाकडी राहिलेल्या किंवा डोळे गेलेल्या कोंबडीला बाटलीतून देण्यासारखं फारसं काही नसतं. तिला लागते निवांत जागा, चोचीजवळ पाणी आणि दिवसातून दोनदा तुमचा हात. ते घरच्या सामानातच कसं जमवायचं, हे इथं लिहिलं आहे.

आधी आजार कोणता, ते बघा

एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, हिरवी हगवण लागली, तर हे पत्रक बाजूला ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा. मेलेली कोंबडी कापून बघू नका, नाल्यात टाकू नका.

तीन-चार महिन्यांची तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) एक पाय पुढे, एक मागे ताणून पडली, तर बहुधा मरेक्स हा लकव्याचा आजार असतो. त्यावर इलाज नाही. त्याचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो, म्हणजे ती पडेपर्यंत बाकीच्यांच्या श्वासात तो गेलेलाच असतो. पुढच्या खेपेला हॅचरीत पहिल्याच दिवशी लस टोचलेली पिल्लं घ्या आणि त्याआधी खुराड्यातला जुना तूस काढून जाळा.

मानमोडीतून (राणीखेत आजारातून) वाचलेल्या काही कोंबड्यांची मान पिळलेलीच राहते. त्या जगतात, पण आजार उतरल्यावरही काही आठवडे त्यांना वेगळं ठेवा. बाकीच्यांसाठी लस आहे: पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. जुनाट सर्दीची, घरघरणारी कोंबडी बरी दिसली तरी आजार अंगात बाळगते आणि तो अंड्यातूनही पिल्लात उतरतो. तिची अंडी खुडुकाखाली ठेवू नका.

कुत्र्यानं धरलेली, गाडीखाली पाय सापडलेली, तळव्याला गाठ आलेली किंवा देवीच्या खपल्यांनी डोळे गेलेली (खपल्या गळून गेल्यावर) कोंबडी मात्र इतरांच्या जवळ राहू शकते.

जागा

कोण वरचढ, कोण खालची हे कोंबड्या आपसात ठरवून राहतात. जी लंगडली तिला टोचतात, आणि एकदा रक्त दिसलं की थांबत नाहीत. म्हणून ओसरीच्या कोपऱ्यात जाळी किंवा बांबूचा तट्टा लावून तिची जागा करा, पण बाकीच्या तिला दिसतील अशी. महिनाभर नजरेआड ठेवलेली कोंबडी परत सोडली की बाकीच्या तिला परकी समजून तुटून पडतात. सोबतीला एक शांत, वयस्क कोंबडी ठेवली तर फार बरं. कोंबडा मात्र लांबच ठेवा. त्याच्या वजनानं अधू कोंबडीची पाठ सोलून निघते.

खाली धानाचा तूस चार बोटं जाड टाका. तणस लांब असल्यानं पायात गुंततं, कुटाराची धूळ सर्दीवाल्या कोंबडीला सोसत नाही. तिला उंच बसायला लावू नका, जमिनीवरच झोपू द्या. रात्री बोका आणि मुंगूस शिरणार नाही एवढी जाळी पक्की हवी.

मे महिन्याचं वेगळं सांगावं लागतं. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड उघडून धापा टाकत अंग थंड करते. धडधाकट कोंबडी सावली सरकली की आपणही सरकते, पडलेली सरकू शकत नाही. सकाळी सावलीत ठेवली आणि तुम्ही वावरात गेलात, तर दुपारी ती उन्हातच सापडते. दिवसभर सावली राहील अशीच जागा निवडा, आडोशाला ओला बारदाना टांगा, माठातलं पाणी द्या. कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही.

रोजची कामं

पाणी पसरट, जड भांड्यात, बसल्या जागी चोच पोचेल असं. ड्रॉपरनं पाजायचं असेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा. घशात ओतू नका, श्वासाचं भोक जिभेच्या मुळाशीच असतं. चोच वाकडी असेल तर दाणे उचलता येत नाहीत, खोल वाटीत भिजवलेला भरडा द्या. उन्हाळ्यात तो दोन तासांत आंबतो, उरलेला काढून टाका.

आंधळ्या कोंबडीची वाटी कधीच हलवू नका. खाऊ देताना वाटीवर दोनदा टिचकी मारा, थोड्या दिवसांत ती आवाजावर येते. आमच्या आवारात अशी एक होती. वाटी वाजली की ती सगळ्यांच्या आधी पोचायची.

पाय नसलेल्या कोंबडीचा सगळ्यात मोठा शत्रू तिचीच विष्ठा. बुडाची पिसं कातरा, रोज कोमट पाण्यानं पुसून कोरडी करा. पावसाळ्यात एक दिवस चुकला तरी माश्या अंडी घालतात आणि किडे पडतात. दिवसातून दोन-तीनदा कूस बदला. जुन्या बनियनला पायांसाठी दोन भोकं पाडून झोळी टांगली, तर ती अर्धा तास उभी असल्यासारखी राहते आणि छातीवर जखम होत नाही.

आठवड्यातून एकदा छातीचं हाड चाचपा. हाड सुरीसारखं लागू लागलं तर ती खात नाहीये. खाणं-पिणं सुटलं, डोळे मिटून पिसं फुगवून बसू लागली, तर डॉक्टरांना विचारून तिचे हाल संपवणं बरं. अशी कोंबडी आठवडी बाजारात विकू नका. औषध चालू असेल तर बाटलीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत तिची अंडी आणि मांस खाऊ नका.

आमच्याकडे येताना आजारी कोंबडी आणू नका, इथं एक दिवसाची पिल्लं असतात. कोंबडी चालतानाचा किंवा पडलेली असतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ, विष्ठेचा फोटो, तिचं वय आणि कोणत्या लसी कधी दिल्या ते लिहून आणा. औषधाची गरज नसेल तर तसं आम्हीच सांगू.