अमिरातीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी नोंदणीकृत मृत्युपत्र : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

नोकरी-व्यवसायानिमित्त संयुक्त अरब अमिरातीत स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांचा असा समज असतो की, पुण्याला किंवा मुंबईला एकदा मृत्युपत्र करून ठेवले म्हणजे दुबईतील बँक खाते, सदनिका आणि कंपनीतील हिस्सा यांचाही प्रश्न मिटला. भारतात केलेले मृत्युपत्र तिथे निरुपयोगी ठरते असे नाही. परंतु ते अमलात आणण्यासाठी मागे राहिलेल्या पत्नीला, पतीला किंवा मुलांना जे सोपस्कार पार पाडावे लागतात, ते दुःखाच्या काळात कोणावरही येऊ नयेत असेच आहेत. म्हणून अमिरातीतील मालमत्तेपुरते आणि तिथे राहणाऱ्या मुलांच्या पालकत्वापुरते स्वतंत्र मृत्युपत्र तिथेच नोंदवावे.

एका शिक्क्यावर सदस्य देशांनी एकमेकांचे कागद मान्य करायचे, अशा अपोस्टिल करारात भारत 2005 पासून सहभागी आहे. अमिराती त्यात नाही. त्यामुळे भारतीय कागदावर एक शिक्का घेऊन काम भागत नाही. आधी भारतातील न्यायालयाकडून मृत्युपत्राचे प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयीन मान्यता) किंवा मृत्युपत्र नसल्यास वारस प्रमाणपत्र मिळवावे लागते. महाराष्ट्रात हे वारस प्रमाणपत्र आजही 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली दिवाणी न्यायालय देते, आणि त्यासाठी जाहीर नोटीस, हरकतींची मुदत व पुरावा हे टप्पे असतात. त्यानंतर राज्य शासनाचे साक्षांकन, दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन, भारतातील अमिरातीच्या दूतावासाचे साक्षांकन, अमिरातीत पोहोचल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन आणि अधिकृत कायदेशीर अनुवादकाकडून अरबी भाषांतर, इतके झाल्यावर तो कागद तेथील न्यायालयापुढे ठेवता येतो. या सगळ्या काळात मृताच्या नावावरील पैसे अडकलेले राहतात, आणि घरभाडे, शाळेची फी, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

संयुक्त खाते असले की अडचण नाही, हा समज त्याहून धोक्याचा आहे. भारतात ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीची खाती आपल्या अंगवळणी पडली आहेत. अमिरातीच्या व्यापारी व्यवहार कायद्यानुसार मात्र संयुक्त खातेदारांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास उरलेल्याने दहा दिवसांच्या आत बँकेला कळवायचे असते, आणि वारस निश्चित होईपर्यंत बँक मृताच्या हिश्श्याची रक्कम काढू देत नाही. दोघांच्या नावावरील सदनिकाही आपोआप हयात जोडीदाराच्या नावावर होत नाही; मृताचा हिस्सा वारसांकडे जातो. बँक खात्याला नामनिर्देशन करण्याची आपल्याकडची पद्धत तिथे सर्वसाधारणपणे नाही. शिवाय पत्नीच्या नावे करून ठेवलेले मुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबरच संपते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते.

मृत्युपत्र नसेल तर काय होते

‘मृत्युपत्र नसेल तर तिथे सर्वांना शरियत लागू होते आणि मुलीला मुलाच्या निम्मे मिळते’ असे अजूनही सांगितले जाते. बिगर-मुस्लिमांच्या बाबतीत ही माहिती जुनी झाली आहे. 1 फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेल्या 2022 च्या संघीय कायदा क्रमांक 41 नुसार, बिगर-मुस्लिम व्यक्तीला आपली संपूर्ण मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीस देता येते. मृत्युपत्र नसल्यास निम्मी मालमत्ता पती किंवा पत्नीला आणि उरलेली निम्मी मुलांमध्ये, मुलगा-मुलगी असा भेद न करता, समान वाटली जाते. अबुधाबीचा 2021 चा कायदा क्रमांक 14 हाही याच धर्तीचा आहे.

वाटणी न्याय्य वाटते, पण मराठी कुटुंबाच्या दृष्टीने तिच्यात एक मोठी उणीव आहे. हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार हिंदू पुरुषाच्या मागे पत्नी व मुलांबरोबर त्याची आईसुद्धा पहिल्या वर्गाची वारस असते आणि तिला समान हिस्सा मिळतो. अमिरातीच्या वाटणीत मुले हयात असतील तर आईला काहीच मिळत नाही. साताऱ्याला किंवा चिपळूणला राहणारी, दरमहा मुलाने पाठवलेल्या पैशांवर अवलंबून असलेली आई अशा रीतीने पूर्णपणे बाजूला पडते. अमिरातीच्या याच कायद्याने कोणत्याही वारसाला मृताच्या मायदेशाचा कायदा लावण्याची मागणी करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे आईच्या बाजूने भारतीय कायदा मागितला जाईल, पत्नीच्या बाजूने तिथला, आणि एकाच घरातील दोन बाया न्यायालयात समोरासमोर उभ्या राहतील. आईसाठी मृत्युपत्रात चार ओळी लिहिल्या असत्या तर हे टळले असते.

कमावत्या स्त्रियांनी तर हा विषय अजिबात पुढे ढकलू नये. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 नुसार, हिंदू स्त्रीने स्वतः कमावलेल्या मालमत्तेवर मुले व पती हयात नसतील तर आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो, आणि तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. दुबईत वीस-पंचवीस वर्षे नोकरी करून जमवलेली पुंजी आपल्या आईवडिलांना किंवा बहिणीला मिळावी असे वाटत असेल, तर ते लेखी आणि नोंदवलेले असायला हवे.

कोकणी मुस्लिम कुटुंबांची संख्या आखातात मोठी आहे. त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत : मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मालमत्ता देता येते, आणि वारस असलेल्या व्यक्तीला त्यातून काही द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते. उरलेली वाटणी शरियतच्या हिश्श्यांप्रमाणे होते. पुढे सांगितलेली नोंदणी बिगर-मुस्लिमांसाठी आहे.

नोंदणी कुठे करावी

तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला, दुबई आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्राची, म्हणजेच डीआयएफसीची मृत्युपत्र सेवा, जी 2015 मध्ये सुरू झाली. येथे मृत्युपत्र इंग्रजीत असते, डीआयएफसीचे न्यायालय स्वतः प्रोबेट देते, आणि अरबी भाषांतराची वाट पाहावी लागत नाही. अर्जदार 21 वर्षे पूर्ण झालेला आणि कधीही मुस्लिम नसलेला असावा. संपूर्ण मालमत्तेचे मृत्युपत्र करता येते किंवा फक्त स्थावर मालमत्तेचे, फक्त व्यवसायातील हिश्श्याचे, फक्त बँक व गुंतवणूक खात्यांचे अथवा फक्त पालकत्वाचे. संपूर्ण मृत्युपत्राचे नोंदणी शुल्क एका व्यक्तीसाठी दहा हजार दिरहम आणि पती-पत्नींच्या एकसारख्या जोड-मृत्युपत्रासाठी पंधरा हजार दिरहम असे राहिले आहे. मसुदा करणाऱ्या वकिलाची फी वेगळी. शुल्क बदलत असल्याने अर्जाच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

दुसरा मार्ग अबुधाबी न्यायिक विभागाचा. येथे मृत्युपत्र अरबी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत करावे लागते, नोंदणी दृकश्राव्य भेटीने होऊ शकते, आणि 950 दिरहम इतक्या शुल्कामुळे तो मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतो. तिसरा मार्ग दुबई न्यायालयांच्या नोटरीचा. तेथेही मृत्युपत्र द्विभाषिक लागते.

माझे मत असे की, बँक खाते, थोडी गुंतवणूक आणि एखादी गाडी एवढीच मालमत्ता असलेल्या नोकरदार जोडप्याने खर्चाचा विचार करून अबुधाबीचा मार्ग निवडायला हरकत नाही. दुबईत सदनिका, कंपनीत भागीदारी आणि लहान मुले असे तिन्ही असतील तर डीआयएफसीचा जास्तीचा खर्च सार्थकी लागतो, कारण अंमलबजावणीच्या वेळी सगळे कामकाज इंग्रजीत आणि आपल्या परिचयाच्या पद्धतीने चालते.

मुलांचे पालकत्व

मालमत्तेपेक्षाही हा भाग मला अधिक निकडीचा वाटतो. बहुतेक मराठी कुटुंबांचे आजी-आजोबा, काका, मामा भारतात असतात. एखाद्या अपघातात आई-वडील दोघेही गेले, तर शाळेतून घरी आलेल्या मुलाला त्या संध्याकाळी कोणाच्या स्वाधीन करायचे याचे उत्तर कागदावर असले पाहिजे. नाते नसलेला शेजारी कितीही जवळचा असला तरी त्याला कायदेशीर अधिकार नसतो. त्यासाठी मृत्युपत्रात दोन पालक नेमावेत : अमिरातीतच राहणारा एक तात्पुरता पालक, जो नातेवाईक येईपर्यंत मुलांचा सांभाळ करील, आणि एक कायमचा पालक, जो भारतात किंवा अन्यत्र असू शकतो. दोघांनाही आधी विचारावे आणि त्यांची लेखी संमती घ्यावी. पर्यायी पालकाचेही नाव द्यावे.

कागदपत्रे

मृत्युपत्र करणाऱ्याचे पारपत्र, निवासी व्हिसा आणि एमिरेट्स ओळखपत्र. सदनिकेचे मालकीपत्र, बांधकाम अपूर्ण असल्यास खरेदीची नोंदणी. कंपनीचा परवाना, संस्थापन करार व शेअर्सचा दाखला. बँक व गुंतवणूक खात्यांचे तपशील. विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले. लाभार्थी, निष्पादक (मृत्युपत्र अमलात आणणारी व्यक्ती) व पालक यांच्या पारपत्रांच्या प्रती, एवढी तयारी ठेवावी.

यात मराठी माणसाला हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे नावे. लग्नानंतर पारपत्रावर बदललेले नाव, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव, बँकेत वडिलांच्या नावाशिवाय लिहिलेले नाव आणि मालकीपत्रावर तिसरेच स्पेलिंग, असे अनेक घरांत असते. मृत्युपत्रात प्रत्येक व्यक्तीचे नाव पारपत्रावर आहे तसेच लिहावे, पारपत्र क्रमांक नमूद करावा, आणि एकाच व्यक्तीची निरनिराळी नावे वापरात असतील तर तसा स्पष्ट उल्लेख करावा. पत्नीला ‘सौ.’ आणि आडनाव एवढ्यावर सोडू नये.

मसुदा आणि नोंदणीचा दिवस

मसुद्यात निष्पादक नेमणे अत्यावश्यक आहे. तो अमिरातीत राहणारा असेल तर काम सुलभ होते, आणि त्याच्याबरोबर एक पर्यायी निष्पादकही असावा. लाभार्थ्याला साक्षीदार करू नये. मसुदा तयार झाल्यावर ऑनलाइन अर्ज करून भेटीची वेळ घ्यावी लागते. डीआयएफसीमध्ये सही नोंदणी अधिकाऱ्यासमोर, प्रत्यक्ष किंवा दृकश्राव्य पद्धतीने होते आणि अधिकारी हा एक साक्षीदार असतो.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती रद्दीकरणाच्या कलमाची. भारतातील वकिलांच्या ठरावीक मसुद्यात ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे’ असे वाक्य असते. दुबईत नोंदणी करून आल्यावर पुण्यात नवे मृत्युपत्र केले आणि त्यात हे वाक्य तसेच राहिले, तर दुबईचे मृत्युपत्र रद्द झाल्याचा वाद उभा राहतो. म्हणून दोन्ही मृत्युपत्रांत त्यांची व्याप्ती स्पष्ट लिहावी : हे फक्त अमिरातीतील मालमत्तेसाठी, ते फक्त भारतातील मालमत्तेसाठी, आणि एकाने दुसरे रद्द होत नाही असेही नमूद करावे.

भारतातील स्थावर मालमत्तेसाठी भारतीय कायदाच लागू राहतो. त्या मृत्युपत्राची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याखाली ऐच्छिक आहे आणि दोन साक्षीदार पुरेसे आहेत. तरीही मालक परदेशात असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. मूळच्या गोमंतकीयांनी आणखी एक बाब तपासावी : गोव्याच्या वारसा कायद्यात पती-पत्नींची समाईक मालकी आणि मुलांसाठी राखीव असलेला हिस्सा या दोन्ही गोष्टी असल्याने, तेथील मालमत्ता मृत्युपत्राने पूर्णपणे आपल्या मर्जीप्रमाणे देता येत नाही, आणि गोव्यात मृत्युपत्र सर्वसाधारणपणे तेथील विशेष नोटरीसमोर केले जाते.

नोंदणीनंतर विवाह, घटस्फोट, अपत्यजन्म, नवी खरेदी, नेमलेल्या पालकाचे देश सोडून जाणे किंवा निष्पादकाचा मृत्यू यांपैकी काहीही घडले तर मृत्युपत्रात दुरुस्ती करून ती पुन्हा नोंदवावी. घरी ठेवलेल्या प्रतीवर पेनने केलेली खाडाखोड ग्राह्य धरली जात नाही. नोंदणी क्रमांक, निष्पादकाचा संपर्क आणि खात्यांची यादी पती-पत्नी दोघांना आणि भारतातील एका विश्वासू नातेवाइकाला माहीत असावी.