पार्श्वभूमी : करवंदांवरचं कॉबलर

मे महिन्यात राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या बाजूच्या बायका डोक्यावर पाटी घेऊन कोल्हापुरात उतरतात आणि पानाच्या द्रोणात करवंदं मापून देतात. त्यातली निम्मी घरी पोचेपर्यंतच संपतात. प्रत्येक करवंद चावून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हा खेळ आमच्याकडे अजून मोडलेला नाही. उरलेल्या करवंदांचं गेले काही उन्हाळे आमच्या घरी कॉबलर होतं, म्हणजे फळांवर पिठाचे गोळे ठेवून भाजलेला अमेरिकी गोड पदार्थ. ज्याला वाढावं तो विचारतो, हे आलं कुठून? त्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबचं आहे, म्हणून हे टिपण.

नावापासूनच सुरुवात करावी लागते, कारण कोल्हापुरात कॉबलर म्हटलं की डोळ्यांसमोर चपला येतात. इंग्रजीत पादत्राणं सांधणाऱ्यालाही हाच शब्द आहे. पदार्थाला तो का लागला याबद्दल दोन-तीन तर्क आहेत. भाजल्यावर वरचे पिठाचे गोळे फुगून जुन्या रस्त्यातल्या गोल दगडांसारखे दिसतात, हा एक. हाताशी असेल ते एकत्र सांधून केलेला पदार्थ, हा दुसरा. लाकडी वाडग्याला जुन्या इंग्रजीत जवळपास असाच शब्द होता, हा तिसरा. मला दुसरा सगळ्यात पटतो. भाषेच्या पुराव्यापेक्षा पदार्थाच्या स्वभावाकडे बघून पटतो.

पदार्थ तसा साधा. खोलगट भांड्यात फळं आणि साखर, त्यावर मऊ भिजवलेल्या पिठाचे गोळे अंतर सोडून ठेवायचे आणि भाजायचं. पारीत फळं भरून भाजलेल्या 'पाय' (pie) या पदार्थाला तळाशी पारी असते, तशी ती इथे सहसा नसते.

अमेरिकेत वसाहत करायला गेलेल्या इंग्रजांना आपल्याकडची पुडिंगं हवी होती. ती पुडिंगं व्हायची जनावराच्या चरबीत पीठ मळून, फडक्यात बांधून, तासन् तास उकडून. नव्या मुलखात ती चरबी सहज मिळेना, भांडीही मोजकीच. मग जे फळ मिळेल ते भांड्यात शिजत टाकायचं आणि वर पीठ थापायचं, अशी रीत पडली. त्याच कुळातली भावंडं अनेक आहेत. शिजताना गुरगुरतं ते ग्रंट, बसकं होतं ते स्लम्प, वरचं कवच भाजता भाजता मोडून रसात बुडवतात ते पॅनडाउडी. प्रत्येक नावामागे कुठल्या तरी स्वयंपाकघरातली अडचण आहे.

छापील पुराव्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १८३९चा. केंटकी राज्यातल्या लेटिस ब्रायन या बाईंच्या पाककृतींच्या पुस्तकात पीचच्या कॉबलरची कृती आहे. त्यात त्या स्पष्ट सांगतात, की पाहुण्यांपुढे ठेवण्याइतकं हे नटवं नाही, पण घरच्यांसाठी उत्तम आणि थंड दुधाबरोबर खावं. पुढे १८५९ मध्ये जॉन रसेल बार्टलेट यांच्या अमेरिकी बोलीच्या कोशातही हा शब्द आला. जाड पिठाचं अस्तर दिलेल्या भांड्यात भाजलेला फळांचा पाय, असा काहीसा अर्थ तिथे दिला आहे. म्हणजे तेव्हा सगळीकडे एकच रूप नव्हतं, आजही नाही. कुणी वर गोळे ठेवतं, कुणी सैल पीठ ओततं, कुणी लाटलेली पोळी पांघरतं. यातलं खरं कोणतं यावर अमेरिकेत घरोघरी वाद चालतात. आपल्याकडे तांबड्या रश्शावरून चालतात तसेच.

भांड्याची गोष्ट मला आपल्या सगळ्यात जवळची वाटते. अब्राहम डार्बी या इंग्रज कारागिराने १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं. त्यामुळे बिडाची भांडी स्वस्त झाली, घरोघर पोचली. त्यातलंच एक 'डच ओव्हन'. नाव ओव्हन, पण ते आहे जाड बिडाचं, तीन पायांचं पातेलं. झाकणाला उंच काठ असतो, म्हणजे वर निखारे ठेवले तरी घसरत नाहीत. खाली निखारे, वर निखारे, मध्ये पदार्थ. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांतून ही भांडी गेली. सोबत सुकवलेली फळं आणि पिठाचं पोतं असलं की उघड्या माळावर कॉबलर होत असे.

हे वाचलं तेव्हा मला आजीची शेगडी आठवली. पितळी पातेलं, वर जाड थाळा, थाळ्यात चिमट्याने एकेक मांडलेले निखारे. वास बदलला की ती थाळा उचलायची, तोही असा सरळ की राखेचा कण आत पडत नसे. निखारे लालचे पांढुरके झाले की कडेचे मध्ये आणायचे, मधले कडेला न्यायचे. घड्याळ ती बघतच नसे. सीकेप्यांचं निनावं असंच होतं आणि कोकणातलं काकडीचं धोंडसही असंच. खालून-वरून धग देऊन भाजणं आपल्याला कुणी परदेशातून शिकवलेलं नाही. ओव्हन नव्हता, तरी भाजण्याची समज होती. आणि मोठं भाजायचं असेल तर बेकरीची भट्टी होतीच. रवा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून भट्टीवर जायचं, बाकावर नंबर लावून बसायचं आणि पत्र्याच्या ट्रेमधून नानकटाई भाजून घरी आणायची, हे कोल्हापुरात अनेकांनी लहानपणी केलेलं आहे. गरम ट्रेमधली एक तिथेच तोंडात टाकून जीभ भाजून घेतलेली आहे.

वरचं पीठ फुगतं कशाने, यालाही इतिहास आहे. सोडा बाजारात येण्याआधी अमेरिकेत लाकडाच्या राखेतून काढलेला क्षार वापरत. आपला पापडखार स्वभावाने त्याच्याच जवळचा. त्या देशाचं पहिलंवहिलं पेटंट, १७९० मध्ये सॅम्युअल हॉपकिन्स यांना मिळालेलं, ते हाच क्षार बनवण्याच्या पद्धतीचं होतं. इंग्लंडमध्ये अल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं. अमेरिकेत १८४६ पासून जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी खाण्याचा सोडा विकायला घेतला आणि १८५६ मध्ये एबन हॉर्सफर्ड यांनी आपल्या बेकिंग पावडरीचं पेटंट मिळवलं. या सगळ्यामुळे पीठ आंबवत ठेवायची गरज उरली नाही. ताक घालून भिजवलं, सोड्याने लगेच फुगू लागलं, की भट्टीत. कॉबलर रोजच्या जेवणात बसलं ते या सोयीमुळे.

आता बेरी. मॉलमध्ये महाग डबीत मिळणारी ब्लूबेरी कॉबलरला लागतेच, असा समज आहे. पण शेतात लावलेली ब्लूबेरी ही अलीकडची. न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानटी झुडपांतून निवड करत १९१६ मध्ये तिचं पहिलं विक्रीजोगं पीक काढलं. त्याआधी ती रानातूनच वेचून आणत, जशी आपण करवंदं आणतो. स्ट्रॉबेरीची कथा आणखी लांबची. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये चिलीतून मोठ्या फळांची रोपं फ्रान्सला नेली, तिथे त्यांचा उत्तर अमेरिकेतल्या जातीशी संकर झाला आणि आजची स्ट्रॉबेरी जन्मली. इंग्रजांनी महाबळेश्वरला थंड हवेचं ठाणं केलं, त्यांच्यामागून ती सह्याद्रीत आली. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. हिवाळ्यात ती कोल्हापुरात हातगाडीवर मिळते आणि तिचंही कॉबलर चांगलं होतं, फक्त पाणी फार सुटतं.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगते. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबात स्ट्रॉबेरी ही बेरी नाहीच. करवंद आहे, जांभूळही आहे. बेरी कॉबलर म्हणून करवंदांचं केलं तर ते दुधाची तहान ताकावर भागवणं नव्हे.

अमेरिका आणि कोल्हापूर यांची ओळखही इंटरनेटपासूनची नाही. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, म्हणजे बार्टलेट यांच्या कोशात कॉबलर येण्याआधी सात वर्षं. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथेच १८६३ मध्ये जन्मला. शहरातलं वायल्डर मेमोरियल चर्च हे नाव त्याच घराण्याचं.

गोडासाठी गरिबाघरी साखरेऐवजी मोलॅसिस, ही अमेरिकेतली जुनी रीत. पॅनडाउडीत तर तेच घालत. आमच्याकडे काकवी. मोलॅसिस हा साखर काढून घेतल्यावर उरलेला पाक आणि काकवी ही काहिलीतला रस गुळावर यायच्या जरा आधी काढलेली, त्यामुळे चवीला ती कितीतरी सौम्य. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली आणि तिथून कोल्हापुरी गूळ देशभर गेला. २०१४ मध्ये त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं. करवंदाच्या आंबटपणाला पांढरी साखर नुसती गोड करते. गूळ त्याला सोबत करतो, पण जास्त झाला तर फळाची चव झाकतो. म्हणून मी निम्मा गूळ, निम्मी साखर घेते.

करताना काय होतं ते सांगते, कारण जुन्या बायकांनी हे असं का ठरवलं ते तिथेच कळतं. करवंदं धुऊन देठाकडचा चीक निघेपर्यंत पाण्यात ठेवायची, मग चिरून बिया काढायच्या. बोटं दोन दिवस जांभळी राहतात. पूर्ण काळ्या करवंदांत मूठभर लालसर, अर्धवट पिकलेली घालायची. त्यांच्यात पेक्टिन जास्त असतं, रस आपोआप आळतो आणि कॉर्नफ्लोअर लागत नाही. गूळ-साखर घालून फळं गॅसवर एक उकळी येईपर्यंत तापवायची. हा टप्पा पहिल्या वर्षी मी गाळला होता. वरून गोळे सोनेरी झाले आणि खालून कच्ची कणीक चिकटली. फळं गरम असली की गोळ्याला खालूनही धग लागते. डच ओव्हनला जे खालचे निखारे होते, त्यांचं काम इथे हा गरम रस करतो.

पीठ दोन वाट्या मैदा, किंवा त्यातला अर्धा खपली गहू. खपलीचं ग्लुटेन नाजूक असतं, त्यामुळे गोळे खुसखुशीत राहतात. थंड लोणी बोटांनी चोळून रवाळ करायचं, मीठ, बेकिंग पावडर, चिमूट सोडा आणि लागेल तसं ताक. मळायचं नाही, चमच्याने जेमतेम एकत्र आणायचं. गोळे ठेवताना फटी सोडायच्या, कारण वाफेला बाहेर पडायला वाट हवी. १८० ते १९० अंशांवर चाळीसेक मिनिटं. मधेच फटींतून काळसर जांभळा रस उसळतो, गोळ्यांच्या कडेवर चढतो आणि तिथेच करपून चिकट होतो. ती कड पहिली कुणाला, यावर आमच्याकडे भांडण ठरलेलं.

लेटिस ब्रायन बाईंनी सांगितलेलं थंड दूध मात्र मी बदललेलं नाही. संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावरून म्हशीचं दूध आणायचं, तापवून, निववून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि कोमट कॉबलरच्या वाटीत कडेने ओतायचं. दूध जांभळं होत जातं. यंदा पाऊस लवकर आला तर करवंदं आठवड्याभरात संपतील. मग जांभळं घ्यायची. त्यांना लिंबू जास्त लागतं आणि गूळ कमी.